देऊळ बैलगाडीतून आलं

वडील गेले आणि वालचंदनगरची खोली सोडून आम्ही वरकुट्याला मामाच्या पडवीत आलो. आईनं अंथरूण धरलं. "देवानं आपल्याला टाकलं," एवढंच ती म्हणायची. पूर्वी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायकांची भजनं तीच उचलायची.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतला ढोलकीवाला मात्र गप्प बसणारा नव्हता. होता गवंडी, पण हात सदा वाजवायला शिवशिवायचे. बोलता बोलता समोरच्याची पाठसुद्धा बडवायचा. एका रविवारी त्यानं अख्खी मंडळी बैलगाडीत कोंबून आमच्या दारात आणली. चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, मागं पाय सोडून बसलेले!

"वैनी, तुमी देवळात येत न्हाय, म्हून देऊळच आणलंय. जागा करा!"

"तुमी गा. माझ्यात जीव न्हाय," आई गोधडीतून म्हणाली.

"व्हय तर!" म्हणत त्यानं आशेचं भजन इतक्या वरच्या पट्टीत धरलं की पाळकसाहेबांना ठसका लागला आणि झाडाला बांधलेले बैल दावं तोडून पळाले. तरी कुणी थांबेना. सगळे हसत हसत किंचाळत होते.

आई ताडकन उठून बसली. "अवं भावजी, खाली घ्या की! पोरींचं गळं फाटत्याल!" आणि तिनंच सूर लावला.

त्यानं मुद्दाम तसं केलं, की त्याला पट्टीच कळत नव्हती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी पुढं बी.ए. झालो, घराण्यात पहिला, हे अभिमानानं सांगतो. पण त्याहून मोठं काम मंडळीनं केलं. पुढच्या रविवारी आई देवळात गेली आणि मरेपर्यंत तिनं एकही रविवार चुकवला नाही.