समीकरणातला खेकडा

मंगळवारी सकाळी माझे वडील गेले. माझ्या पीएचडीची तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर होती.

उसाच्या सरीतून पाणी पुढे कसं सरकतं, हा माझा विषय. बारामतीत मला तीन मार्गदर्शक होते: गणिताचे, भौतिकशास्त्राचे आणि अभियांत्रिकीचे. पण निरवांगीच्या आमच्या रानात पाणी माझ्या उत्तरापेक्षा नेहमी उशिरा पोचायचं. तिघंही चूक दुसऱ्याच्या विषयात शोधत आणि प्रबंध वर्षभर अडून राहिला.

शेवटी एका रविवारी मी तात्यांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, दारं धरायला गेले. एक सरी भरली की दुसरीत पाणी वळवायचं. तात्यांनी वरंब्यातल्या बिळात खोऱ्याचा दांडा घातला. पाणी तिथूनच बुडबुडत पलीकडे पळत होतं.

"तुझ्या गणितात खेकडा हाय का?"

"न्हाय, तात्या."

"मग तिघं मिळून शिकवत्यात तरी काय?"

मी समीकरणात बिळांसाठी एक पद वाढवलं आणि वेळ जुळली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ह्या पदाला काय म्हणता?"

"खेकडा," मी म्हणाले. तिन्ही सर हसले. मीही हसले, त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

खोरं आता माझ्याकडे आहे. रविवारी दारं मी धरते.