घरची चार मतं

मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि मतदारयादीत तिचं नाव आलं, तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर लोकशाहीचा फारच सुळसुळाट झाला. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती. मतदान सक्तीचंच करायला हवं, असं तिचं म्हणणं. जो मत देणार नाही त्याचा गॅस बंद करा, पासपोर्ट अडवा, लायसन्स देऊ नका. शिक्षा ठरवण्यात तिला इतकी गोडी लागली होती की समोरची भाजी थंड होत होती. तिच्या बाबांनी मान डोलावली. मीही डोलावली. आमच्या सोसायटीतली कितीतरी माणसं मतदानाची सुट्टी लागली की गाड्या काढून त्र्यंबकच्या पुढे कुठल्याशा रिसॉर्टवर जातात आणि परत आल्यावर ‘या देशाचं काही खरं नाही’ म्हणून मला लिफ्टमध्ये गाठतात. त्यांचा मला मनापासून राग आहे.

‘‘आणि आजी,’’ मुलगी म्हणाली, ‘‘तू तर कधीच मत देत नाहीस. पहिला तुझाच गॅस बंद.’’

सासूबाई ताकभात कालवत होत्या. ‘‘कर बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी शेगडी पेटवीन.’’

त्या मत देत नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि का देत नाहीत हेही. बोटाला लावलेली शाई कितीतरी दिवस जात नाही, तसल्या बोटाने देवाचा नैवेद्य रांधायचा कसा, असं त्या सांगत. माझे सासरे गंगेवर, म्हणजे इथल्या नदीच्या घाटावर, यजमानांचे विधी करत. घरात सोवळं कडक. सासरे जाऊन आता काही वर्षं झाली, नवरा विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो, आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो, पण नैवेद्याचं सोवळं आईंनी सोडलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे कारण निमूट मान्य केलं होतं. शिवाय ते माझ्या सोयीचं होतं. मतदानाच्या दिवशी मी रांगेत आणि स्वयंपाक त्यांच्याकडे.

त्याच आठवड्यात आम्ही कुरडया घातल्या. सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर जुनी साडी अंथरली, मी गव्हाचा शिजवलेला चीक पातेल्यातून वर आणत होते आणि आई सोऱ्या दाबत होत्या. चीक गरम असेपर्यंतच कुरडई सरळ पडते, त्यामुळे बोलायला सवड नव्हती. पण माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. भाचीच्या लग्नात लावलेली मेंदी नखांवर अजून लालभडक होती, आणि त्याच बोटांनी रोजचा नैवेद्य चालला होता.

‘‘आई, मेंदी चालते आणि शाई चालत नाही?’’ मी विचारलं. थट्टेतच विचारलं होतं.

त्यांनी सोऱ्या खाली ठेवला. चीक निवतोय हे दिसत असूनही ठेवला.

‘‘शाईचं काही नाही गं,’’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. निवडणूक आली की उमेदवाराची माणसं घरोघर येतात आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला भेटतात. चहा होतो, आणि कर्ता पुरुष शब्द देतो, की आमच्या घरची सगळी मतं तुमची. सासरेही द्यायचे. आई नव्या लग्न झालेल्या होत्या तेव्हा असाच शब्द दिला गेला. त्या मतदानाला गेल्या आणि त्यांना जो माणूस बरा वाटत होता त्याच्यापुढे शिक्का मारून आल्या. घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, बरोबर मारलास ना?

‘‘मी म्हटलं, नाही.’’

‘‘रागावले?’’

‘‘रागावले असते तर बरं झालं असतं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी अंगात सदरा घातला आणि त्या उमेदवाराच्या घरी गेले. त्याला सांगून आले, की माझ्या घरातलं एक मत तुम्हाला पडलेलं नाही, माझा शब्द खोटा झाला, क्षमा करा.’’

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. असा माणूस गंगेवरच्या त्या एका घरातच जन्माला येऊ शकतो. उमेदवाराने बिचाऱ्याने काय उत्तर दिलं असेल कोण जाणे.

‘‘तेव्हापासून मी कानाला खडा लावला,’’ आई म्हणाल्या. ‘‘त्यांनी सांगितलेल्याला द्यायचं, तर ते माझं मत नाही. माझं द्यायचं, तर त्यांना मान खाली घालावी लागणार. मग शाईचं सांगितलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. ते गेल्यावर शब्द मुलगा द्यायला लागला, म्हणून तेच चालू ठेवलं.’’

‘‘पण खोटं सांगायचं ना! मी सांगतेच की. तुमच्या मुलाने विचारलं की म्हणते, हो, तिथेच दिलं.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दोष नव्हता, थोडं कौतुकच होतं. ‘‘मला नाही येत,’’ एवढंच त्या म्हणाल्या आणि सोऱ्या उचलला. उरलेल्या कुरडया तुटक पडल्या.

दिवसभर माझ्या डोक्यात तेच होतं. मला सासऱ्यांचा राग आला, आणि असा राग केल्याबद्दल स्वतःचाही. मुलीचा कायदा उद्या झाला, तर सरकार आईंना मतदानकेंद्रापर्यंत आणू शकेल. आडोशामागे त्या एकट्या असतील हेही पाहील. पण घरी परतल्यावर चपला काढता काढता जो विचारतो, त्याचं सरकार काय करणार? रात्री मी मुलीला हे सांगायला गेले, तर ती म्हणाली की घरच्यांना विचारायलाच बंदी घाला. तिला प्रत्येक गोष्टीवर बंदी सुचत होती.

रविवारी उमेदवाराची माणसं आमच्याकडे आली. गळ्यात उपरणी, कपाळावर घाम. सोफ्यावर दाटीवाटीने बसली. नवऱ्याने आदराने चौकशी केली आणि अगदी वडिलांच्या सुरात म्हणाला, ‘‘बाबांच्या वेळेपासूनचा संबंध आहे. घरची चारही मतं तुमचीच समजा.’’

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

‘‘तीन समज,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझं मी अजून ठरवलेलं नाही.’’

त्यांच्यातला एक वयस्क कार्यकर्ता हसून म्हणाला, ‘‘आजी, तुमचा आशीर्वाद तरी द्या.’’

‘‘आशीर्वाद आहेच की. तो सगळ्यांनाच असतो.’’

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण त्या तीनातलं एक माझं होतं, हे लक्षात आलं तरी मी मूग गिळून कप उचलायला लागले.

माणसं गेल्यावर नवरा म्हणाला, ‘‘आई, चारचौघांत कशाला बोललीस?’’

‘‘तू शब्द चारचौघांतच दिलास ना? मग आधीच सांगितलेलं बरं. नंतर तुला कुणाच्या घरी जाऊन क्षमा मागायला नको.’’

त्याला ती जुनी गोष्ट माहीत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तो उठून पंखा बंद करायला गेला एवढं खरं.

मतदानाच्या दिवशी मी आणि आई सकाळीच महापालिकेच्या शाळेत गेलो. त्यांनी इरकल नेसली होती. मशीन कसं असतं, बटण किती जोरात दाबायचं, आवाज आला म्हणजे झालं का, हे त्यांनी वाटेत पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. बोटाला शाई लावताना त्यांनी हात असा पुढे केला, जणू बांगड्या भरायच्या आहेत. आडोशामागे त्या बराच वेळ उभ्या होत्या. आवाज झाला तरी क्षणभर तिथेच होत्या. बाहेर आल्यावर आम्ही उन्हातून घरी चालत आलो आणि मी काही विचारलं नाही. विचारायचं खूप मनात होतं.

दार नवऱ्याने उघडलं. तो आणि मुलगी आमच्या आधीच जाऊन आले होते. आई चपला काढत होत्या. मला दरवेळी विचारायच्या सवयीने तो बिचारा बोलून गेला. ‘‘काय आई, कुणाला दिलंस?’’

‘‘सांगणार नाही,’’ आई म्हणाल्या, आणि पाय धुवायला आत गेल्या.

रागाने नाही, रुसून नाही. आज भाजी कसली या प्रश्नाला उत्तर द्यावं तशा. मी दारातच उभी राहिले. इतकी वर्षं मी या घरात किती सफाईने खोटं बोलत आले, आणि हे दोन शब्द मला एकदाही सुचले नव्हते.

नवरा माझ्याकडे वळला. ‘‘आणि तू? तिथेच ना?’’

‘‘मीही सांगणार नाही,’’ मी म्हटलं. मग चपला काढायला वाकले.