जुन्या झाडाची काडी

पिंपरी पेंढारच्या चांगदेवाने आजवर आंब्याची किती कलमं बांधली, त्याची गणती देवालाच ठाऊक. पण दोन्ही किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस सुरू झालं आणि तीन वर्षं हा माणूस पाणी कपाने मोजून प्यायला.

एका सकाळी पुण्याहून डॉक्टरांचा फोन आला. "किडनी मिळतेय. पण देणाऱ्या बाई एकोणसत्तरच्या होत्या, बीपीही होतं. तरुण किडनीइतकी चालेलच असं नाही. घेता, की थांबता?"

"थांबा आण्णा," लेक हर्षाली कळवळली. "चांगली येईल की!"

चांगदेव हसला. "पोरी, कोवळ्या रोपाची काडी बांधली तर फळाला सात-आठ वर्षं. जुन्या झाडाची बांध, तिसऱ्या सालाला मोहोर. मला घाई हाय."

"तुमी काय झाड हाय व्हय?" बायको साळुबाई डाफरली.

"झाड बरं! त्याला पाणी तरी पोटभर मिळतं."

ऑपरेशन झालं. आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॉटखालची पिशवी लघवीने भरली. तीन वर्षं आटलेला झरा! कोण कुठली बाई, नाव ना गाव, आणि तिची काडी याच्या खुंटावर जीव धरून बसली होती. चांगदेवाने त्या पिशवीलाच हात जोडले. "मावशी," तो पुटपुटला, "लई उपकार झाले."

डॉक्टर म्हणाले, "आता भरपूर पाणी प्या." त्याने तांब्याच तोंडाला लावला.

"आवो, बास की!" साळुबाई म्हणाली.

"मी कुटं पितोय? मावशीला तहान लागलीय."