मृगाच्या आधी

मनकर्णा कोणाशी सरळ बोलल्याचं येरमटोल्यात कोणाला आठवत नव्हतं. गावही तिच्याशी कधी सरळ वागलं नव्हतं, तेव्हा फिटंफाट होती. धानोऱ्याच्या पुढं जंगलात शिरलं की आठ-नऊ मैलांवर हे गाव. गावाच्या कडेला एका गोऱ्या मिशनरी बाईचा दवाखाना होता. नवरा मेल्यावर सासरच्यांनी हाकलून दिलेली मनकर्णा तिथं भांडी घासायला राहिली, मग स्वयंपाक करू लागली, आणि वीस वर्षांत बाळंतपणं करायला शिकली. धर्म तिनं बदलला नव्हता. पण बाईच्या टेबलाशी बसून जेवते, एवढ्यावर गावानं तिला विहिरीवरून उठवलं.

तेच गाव, बायको अडली की तिला बोलवायला मागच्या दारानं यायचं. तीही काही कमी नव्हती. आल्याआल्या साऱ्या घराला हात धुवायला लावायची, पाणी उकळलेलं नसलं तर सासूच्या तोंडावर शिव्या घालायची. पोर सुखरूप झालं की कोणीतरी तांब्या घेऊन अंगणाच्या कडेला यायचं, वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतायला. ते पाणी तिनं कधी प्यायलं नाही. तहानलेली तशीच निघून जायची.

तिचा सगळ्यांत पक्का वैरी म्हणजे भैयाजी मास्तर. गावची शाळा त्यांची आणि टपालही त्यांच्याच हातात. शाळेच्या खोलीत एका कोपऱ्यात फळा, दुसऱ्या कोपऱ्यात टपालाची पेटी, शिक्का आणि निळ्या शाईची गादी. गावात वाचता येणारा माणूस तेवढाच, त्यामुळे मास्तरांना स्वतःच्या शब्दाची भलतीच किंमत वाटायची.

वैराचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. एकोणपन्नास साली मास्तरांची बायको रंभा दोन दिवस अडली. गोरी बाई नेमकी चांद्याला गेलेली. तिसऱ्या सकाळी मनकर्णा कोणी न बोलावता अंगणात येऊन उभी राहिली.

"पोर आडवं हाय, मास्तर. आठ दिवसामांगं नदीवर म्या तिचं पोट पाह्यलं होतं. मले आत येऊ द्या. नाई तं दोघंबी जातीन."

मास्तर चौकटीला दोन्ही हात लावून दारात उभे राहिले. आत देव होते, सोवळ्यातली आई होती, आणि मास्तरांना आईचा धाक होता. "तुले घरात शिराचं निमित्त पाह्यजे," ते म्हणाले. "खोटं बोलून राह्यली तू." दुपारी उन्हं कलायच्या आत रंभा गेली आणि पोटातलं पोरही गेलं. तेव्हापासून मास्तर सांगत आले की ही अवदसा दारात उभी राहिली म्हणून घर बुडालं. इतकी वर्षं सांगितल्यावर त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं.

पंचावन्न साली गोरी बाई म्हातारी होऊन आपल्या देशी गेली, नॉर्वेला. दवाखाना बंद झाला. मनकर्णा त्याच्या पडक्या स्वयंपाकघरात एकटी राहू लागली. सत्तावन्नच्या दिवाळीनंतर तिच्या नावाचं एक जाड पाकीट आलं. आता वाचून कोण दाखवणार? ती शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मास्तरांनी आत ये म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी ती गेली नसती.

बाईनं मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं. मी थकले आहे, एकदा येऊन जा. माझा भाचा मालाच्या बोटीवर कप्तान आहे, तो तुला मुंबईहून घेईल आणि परत आणून सोडेल. एक बोट मेमध्ये निघते, एक सप्टेंबरात. सप्टेंबरची घेतलीस तर बरं. परवाना बोटीच्या एकाच फेरीचा मिळेल, जास्त राहता येणार नाही. आकाशातले हिरवे पडदे तुला दाखवायचे मी कबूल केलं होतं, ते विसरले नाही.

हे पडदे म्हणजे ध्रुवप्रकाश. वीस वर्षं कामं आटोपली की दवाखान्याच्या ओट्यावर बाई त्याबद्दल सांगायची. धुऊन वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यावर हलावं तसा तिच्या देशात रात्रीचा उजेड हलतो, म्हणायची. साऱ्या जगाशी भांडणारी मनकर्णा तेवढं मात्र मुकाट ऐकायची. तिला ना घर होतं, ना पोर. हवं असलेलं एवढं एकच काय ते तिच्याजवळ होतं.

"मरायच्या आधी तेवढं पाह्याचं हाय मले," ती म्हणाली. वैऱ्यासमोर आपण काय बोलून गेलो हे कळताच तिनं आवाज चढवला. "ल्याहा! मेच्या बोटीनं येतो म्हनून ल्याहा."

तिला विचारच करावा लागला नाही, कारण या मुलखात सगळं नदीच्या हिशेबानं चालतं. शिवरात्र झाली की पाणी गुडघ्याशी येतं, वाटा मोकळ्या होतात. मग मुलीची पाठवणी असो, दुखणाईताला चांद्याला न्यायचं असो की कोर्टाची तारीख, सगळं मृगाच्या आधी उरकायचं. मृग लागला की ज्यानं त्यानं जिथल्या तिथं राहायचं. कठाणी नदी फुगते, वैनगंगेवरचा डोंगा बंद होतो. भादव्यात कोणी शहाणा माणूस गाव सोडत नाही.

मास्तरांनी टाक खाली ठेवला. चौथीला भूगोल तेच शिकवायचे.

"मेमदी जाऊन काय पाह्यशीन, कपाळ? तिथी उन्हाळ्यात रात्रच होत नाई. सूर्य मावळतच नाई. जाचं असन तं भादव्यात जाय."

मनकर्णा इतकी मोठ्यानं हसली की बाहेरची पोरं गोळा झाली.

"सूर्य मावळत नाई म्हनता? मंग लोकं झोपतेत कवा? भादव्यात जाऊ काय? वैनगंगेत बुडून मर, असं सरळ म्हना ना, मास्तर! एक डाव दार अडवलं, आता वाट अडवून राह्यले!"

मास्तरांच्या पाठीमागं खुंटीला कंदील टांगलेला होता. दरवर्षी ते चौथीच्या पोरांपुढं तो कंदील पेटवायचे, एक बेलफळ हातात तिरपं धरून फिरवायचे, आणि फळाच्या देठाकडचा भाग कसा सतत उजेडात राहतो ते दाखवायचे. सगळ्यांत ढ पोरालाही ते कळायचं. बेलाचं झाड शाळेच्या दारात होतं. उठून चार पावलं गेलं की झालं असतं. पण हिच्यासाठी उठायचं? 'दार अडवलं' हे शब्द त्यांना फार झोंबले होते.

"नाई आयकत तं जाय, मर," ते म्हणाले, आणि कागदावर ठसठशीत अक्षरात 'मे' लिहिलं.

त्यानंतर फक्त छापील कागद आले, इंग्रजीत. बाईचं अक्षर त्यांत कुठंच नव्हतं. ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती, हे मागाहून कळलं. परवान्याच्या अर्जाला ओळखीचा दाखला हवा होता. मास्तरांनी तो फार लवकर दिला, ब्याद जाते म्हणून. शाईच्या गादीवर तिचा अंगठा दाबला, कागदावर उठवला, आणि तिच्यादेखत आपला हात धुतला.

गावानंही आपला वाटा उचलला. गोरे लोक हिचं रक्त काढून घेतील असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं विकून टाकतील. आपलं बाळंतपण आता कोण करणार, हे मात्र एकाही बाईच्या तोंडून निघालं नाही. एप्रिलच्या शेवटी बिरजूच्या बैलगाडीतून ती निघाली. बिरजूची चारही पोरं तिच्या हातावर झालेली. पायात बाईचे जुने बूट, बाईसाठी सुकवलेल्या मोहाची एक पुरचुंडी आणि चारोळी. शाळेवरून जाताना ती गाडीतूनच ओरडली, "पाह्यून येतो, मंग सांगतो मास्तरले!" ती गेल्यावर तिच्या चुलीचे दगड कोणीतरी उपटून फेकले.

मास्तरांनी ते दिवस खुशीत काढले, हे लपवण्यात अर्थ नाही. जुलैत त्यांनी चौथीला कंदील आणि बेलफळाचा पाठ दिला. फळ फिरवताना, ही आता तिथं लख्ख उजेडात बसून कपाळ बडवत असेल, या विचारानं त्यांना हसू आलं. आपण तर सांगितलं होतं, ते मनाशी म्हणाले. आपल्याकडं बोट दाखवायला जागा नव्हती.

ऑगस्ट सरता सरता पूर थोडा ओसरला आणि तुंबलेलं टपाल एकदम आलं. त्यात एक पाकीट खुद्द मास्तरांच्या नावाचं होतं. मोठं अक्षर, पण आता थरथरलेलं. वर एवढंच होतं, की मनकर्णा सांगते तसं लिहीत आहे, शब्द तिचेच ठेवले आहेत. मास्तरांनी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि वाचायला घेतलं.

"मास्तर, इथी खरंच रात्र होत नाई. महिना झाला, सूर्य वरतेच फिरून राह्यला. बाई म्हनते, पडदे आताबी असतीन, पन उजेडात दिसत नाई. अंधार पडाच्या आधी बोट निघते. मले ते पाह्याले भेटलं नाई, आता भेटनारबी नाई. बाई जास्त दिवसाची नाई, मंग मले पुन्हा कोन बोलावते? तुमी त्या दिवशी खरं सांगून राह्यले होते. म्या आयकलं नाई, काऊन का सांगनारे तुमी होते. मी माफी मांगत नाई. तुमाले माफबी करत नाई. पन तुमी लिहनं-वाचनं शिकलेले मानूस, म्हनून एक कागदावर देतो. म्याबी तुमच्या दारात खरंच सांगून राह्यली होती."

खाली निळ्या शाईचा अंगठा होता.