सोमवारची भूक

सुभद्रा घाडीच्या खाणावळीत एके काळी बसायला पाट पुरत नसत. डिलाईल रोडच्या चाळीतली एकच खोली, पण तिन्ही पाळ्यांचे गिरणीकामगार तिच्या हातची कुळथाची पिठी ओरपून जात. गिरण्यांचा संप झाला नि एकटी राहणारी माणसं कोकणात आपापल्या गावी पांगली. चूल राहिली, जेवणारं कोण राहिलं नाही. राहिला एक टोप. असा दांडगा, की आत पोर बसवून अंघोळ घालावी. एवढं भांडं आसपास कुणाकडे नव्हतं, आणि सुभद्रा ते द्यायला कुणाला नाही म्हणत नसे.

संपाच्या दुसऱ्या वर्षी चाळीतल्या पोरांची पोटं पाठीला लागली, तेव्हा लोकांना कणव आली. पण आपली कणवसुद्धा वार बघून येते. व्यायामशाळेच्या गुणाजी वस्तादाने मारुतीचा वार म्हणून शनिवारी खिचडी वाटायला घेतली. ते बघून महिला मंडळाच्या नलू सावंतने शनिवारीच उसळ-भात काढला. तालीमवाल्यांच्या मागे राहिली तर ती नलू कसली! शाळेतल्या महादेव मास्तरांनी वर्गणी काढून दूध-पाव सुरू केला, तोही शनिवारी, त्या दिवशी शाळा लवकर सुटते म्हणून. टोप दिवसभर या दारातून त्या दारात. आपलं भांडं पुण्याला लागतंय म्हणून सुभद्रा खूश.

मग एका शनिवारी शेजारची सहा वर्षांची कांता तिन्हीकडे जेवून आली आणि संध्याकाळी गॅलरीत भडाभडा ओकली. सोमवारी तीच पोर शाळेत प्रार्थनेला उभी असताना भोवळ येऊन पडली. महादेव मास्तर तिला उचलून घरी घेऊन आले.

“काय झाला हिका?” सुभद्रेने विचारलं.

“उपाशी आहे, काकी. सोमवारी दोन-चार पडतातच.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी ढेकर देतात.”

सुभद्रेने कांताला आत घेतलं नि कोपऱ्यातल्या टोपाकडे बघितलं.

पुढल्या शनिवारी तालमीतले गडी टोप न्यायला आले, तर तो खोलीच्या मधोमध उपडा आणि वर सुभद्रा मांडी घालून बसलेली. गुणाजी धावत आला. पाठोपाठ नलू, मग मास्तर. दाराबाहेर पोरं ताटल्या बडवत उभी.

“काकी, उठ गे. पोरां ताटकळली,” गुणाजी म्हणाला.

“मी उठूचंय नाय. आधी वार वाटून घेवा.”

“मारुतीचो वार सोडू?”

“मारुतीक माझा नाव सांग. म्हणावा, पोरांका सोमवारी पण भूक लागता.”

नलूला हसू फुटलं. “मग सोमवार तालमीला द्या. शनिवार आमचा, आम्ही पहिलं सुरू केलं.”

“पहिला खंयचा? गुणाजीचा बघून तू चूल मांडलंस!” सुभद्रेने तिला अडवलं.

“ता ठीक,” गुणाजी म्हणाला, “पण फलक कोणाचो लागतलो?”

“फलक शिजवून घालतलंस काय पोरांका?”

बाहेर ताटल्यांचा आवाज वाढला. शेवटी मास्तरच म्हणाले, “वाटणी कशाला? तांदूळ तालमीचे, रांधायला मंडळाच्या बाया, जागा शाळेच्या पडवीत. थोडं थोडं, पण रोज.”

गुणाजीने मान खाजवली. शनिवारी मारुतीच्या नावाने गूळ घालायचा, एवढं कबूल करून घेतलं, तेव्हा कुठं गडी मानला. सुभद्रा उठली.

पुढे भांडणं थांबली नाहीत. नलूच्या मते तांदळात खडे, गुणाजीच्या मते आमटीत पाणी. पण सोमवारी प्रार्थनेला पोरं उभी राहायची ती उभीच. संप संपला असं कुणी कधी येऊन सांगितलं नाही. बाप कुठे हमालीला, कुठे भाजीच्या गाडीवर चिकटेपर्यंत पडवीतली पंगत चालू राहिली.

एकदा एका शेंबड्या पोराने ताटली लांब सारली. “परत भोपळा? मला नको.”

नलू भडकली. “माजलास काय रे?”

“बोलू नको त्येका,” सुभद्रा पदराला हात पुसत म्हणाली. “गेल्या वर्षी ह्येने सालसुद्धा सोडली नसती. नखरे करता हा, म्हणजे पोट भरलेला आसा.”

आणि तिने त्याच्या ताटलीत आणखी एक फोड टाकली. पोराने तोंड वाकडं करून ती खाल्ली.