फार्दर, फर्दर आणि भगत मॅडम

भगत मॅडमना चार भिंतींत इंग्रजी शिकवणं जमायचंच नाही. ‘दूर’ शिकवायचं तर दूर दिसलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हा दहावीच्या मुलींना शाळेबाहेर काढलं आणि मुकुटबनच्या रस्त्यावर उभं केलं. एकीला कडुनिंबाखाली थांबवलं, शोभाला पार पुलापर्यंत पिटाळलं.

"आता सांगा, फार्दर कोण?"

"शोभा!" आम्ही ओरडलो.

"अन् दहावी झाल्यावर जे शिकान, थे?" उत्तर त्यांनीच दिलं. "थे फर्दर. पावलानं मोजता येते थे फार्दर. पावलानं मोजता येत नाही, तरी जा लागते, थे फर्दर."

शोभा पुलावर तशीच हात वर करून उभी होती. तिला परत बोलवायचं सगळ्यांच्याच लक्षातून गेलं होतं.

पुढे आम्हाला कळलं की अंतरासाठीही ‘फर्दर’ चालतो. मी पुस्तक घेऊन भांडायला गेले. मॅडम हसल्या. "पुस्तकवाल्याईले चालते, मले नाही चालत. पेपरात मी सांगतो तसं लिहा, कोणी मार्क कापत नाही." फळ्याच्या एका कोपऱ्यात त्या नेहमी अशा शब्दांची रांग लिहीत. बियॉन्ड, मोर डिस्टंट, आणि खाली आपले पल्याड, लांब, पुढं. कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणाऱ्या दोघी मुलींना त्यांच्या बोलीतला शब्द विचारत, स्वतः चुकतमाकत म्हणत आणि तोही फळ्यावर लिहीत. त्या दोघी वर्गात तोंड उघडायला लागल्या त्या त्यानंतर.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात आलं की बातमी चांगली नसणार, हे आम्हा मुलींनाही कळायचं. त्या वर्षी आमच्याकडे वेचणीला बाई लावणं झेपेना, म्हणून दिवाळीनंतर आईनं मला शाळेतून काढून शेतात नेलं. मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, मॅडम बांधावर उभ्या. पांढरकवड्याहून एसटीनं आल्या होत्या आणि फाट्यापासून चालत.

आईनं ओटीतला कापूस सावरला. "मॅडम, मले हाताले माणूस पायजे. पोरीले पाठवू तर वेचू कोण?"

"मी वेचतो," मॅडम म्हणाल्या.

आईला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. पण मॅडमनी पदर खोचला, माझ्या ओटीचं फडकं सोडवून स्वतःच्या कमरेला बांधलं आणि आईच्या शेजारच्या तासाला, कपाशीच्या ओळीला, लागल्या. त्यांना वेचता येत होतं. "लहानपणी मायसोबत दुसऱ्याच्या वावरात हेच करो मी," एवढंच त्या बोलल्या. मग हात न थांबवता म्हणाल्या, "ताई, सोमवारपासून पोरगी माही. इतवारी मी तुमची."

पुढच्या रविवारी दुपारी आईनं शिदोरी सोडली आणि घुटमळली. आम्ही घरून निघताना आत्यानं बजावलं होतं, मास्तरीण आली तर तिचं पान वेगळं ठेवजो. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भाकर मोडून अर्धी मॅडमच्या हातावर ठेवली आणि उरलेली अर्धी स्वतः खाल्ली. घरी हे आम्ही दोघींनीही कधी सांगितलं नाही.

वेचणी संपेपर्यंत मॅडमनी एकही रविवार चुकवला नाही. मी दहावी झाले, यवतमाळला गेले, मग पुण्याला. आता मीच इंग्रजी शिकवते. मॅडम निवृत्त होऊन बाभुळगावला बहिणीकडे राहायला गेल्या. दर दिवाळीला फोन करायच्या. "येऊन राह्यली का?" मी म्हणायची, "उन्हाळ्यात नक्की." असे सहा उन्हाळे गेले. कधी पेपर तपासायचे असत, कधी मुलाचा क्लास. खरं तर एकही कारण एवढं मोठं नव्हतं.

गेल्या फाल्गुनात आईचा फोन आला. आवाज बसलेला. "बाभुळगावले हावो मी. आठ दिवस झाले. तुही मॅडम गेली सकाळी."

पांढरकवड्याच्या पुढे एकटी कधी न गेलेली माझी आई दोन गाड्या बदलून तिथं पोचली होती. मॅडम अंथरुणाला खिळल्याचं शोभाकडून कळलं, तशी निघाली. आठ दिवस तिनं त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, वेणी घातली.

"मले काहून नाही सांगितलं?" मी किती तरी वर्षांनी असं, गावच्या बोलीत, बोलले.

"मॅडमच म्हणे, नोको सांगू, तिची शाळा चालू असन. पण रोज दाराकडे पाहे. काल लईच पाहून राह्यली होती, तं मी सांगून देलं."

"काय?"

"म्हटलं, गाडीत बसली पोरगी. येऊन राह्यली."