सत्कारमूर्तीला कसं पळवायचं

आमच्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत पुरुषांचे गट दर पाच वर्षांचे असतात. बायकांचा गट एकच, पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या. म्हणजे माझी सहासष्ट वर्षांची आई आणि पन्नाशी नुकतीच ओलांडलेली कुणी, एकाच रेषेवर. का, तर "बायका येतातच किती?" याविरुद्ध मी टावर चौकात उभी राहून पत्रकं वाटली. लोकांनी त्यांवर कचोरी ठेवून खाल्ली.

आई-बाबा एकाच वयाचे. दोघंही रोज पहाटे नानाखेड्याकडच्या मैदानावर पळतात. म्हातारपण दोघांनाही आलं, पण सारखं नाही. बाबांचा वेग हळूहळू ओसरला. आईचा, पाळी गेल्यावर दोन-तीन वर्षांतच पडला. मांड्यांतला जोर गेला, आणि एकदा साधी घसरली तर मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, बायकांचं असंच होतं. होत असेल. पण बाबा बँकेच्या टीममधून निवृत्तीपर्यंत खेळत राहिले आणि शाळेत धावण्यात पहिली येणारी आई लग्नानंतर कित्येक वर्षं पळाली ती फक्त दूध उतू जाताना. यातलं शरीराचं किती आणि आमच्या घराचं किती, हे कुणीच मोजत नाही.

यंदा तिला आठशे मीटर पळायचं होतं. इथे वेळ नोंदली गेली तरच भोपाळच्या राज्य स्पर्धेत जाता येतं. त्यासाठी अख्खी थंडी तिने घाम गाळला.

स्पर्धेच्या दिवशी मंडळाच्या सचिवकाकांनी तिला माइकवरून मंचावर बोलावलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. "आपल्या सगळ्यांत ज्येष्ठ महिला धावपटू!" खाली येऊन ती बुटांच्या नाड्या बांधायला लागली, तर काका धावतच आले.

"वहिनी, यादीतून तुमचं नाव काढलंय हो. सत्कारमूर्तीला कसं पळवायचं? पडलात-बिडलात तर?"

"भाऊजी, मी नारळ न्यायला नाही आले."

"अहो, मान आहे तो! टेन्शन नका घेऊ, आराम से बैठिए."

आईने बाबांकडे बोट दाखवलं. "मग ह्यांना का नाही शाल? आमचं वय एकच आहे."

"ते काय, फिट आहेत ते!"

मग मी तोंड उघडलं. पत्रकात होतं ते सगळं बोलले, नव्हतं तेही बोलले. तेवढ्यात मागे बायकांची शर्यत सुटलीसुद्धा.

"झालं तुझं भाषण?" आई म्हणाली आणि शाल माझ्या हातात कोंबून पुढच्या शर्यतीत, बाबांच्या गटात, जाऊन उभी राहिली. कुणी अडवलं नाही. बहुतेकांना गंमत वाटली. दुसऱ्या फेरीत बाबा तिच्यासाठी हळू झाले.

"पुढे व्हा हो! वरात आहे का ही?" ती ओरडली.

शेवटची आली. पण बाबांच्या घड्याळात तिची वेळ गेल्या वर्षीपेक्षा चांगली निघाली. काकांनी मान हलवली. "पुरुषांच्या शर्यतीतली वेळ बायकांत कशी धरणार, वहिनी?" मांडववाले खुर्च्या उचलेपर्यंत मी भांडले. काही झालं नाही.

बाबांची निवड झाली. घरी आल्यावर ते म्हणाले, "मीही नाही जात."

"नाटकं नकोत," आई म्हणाली. "तुम्ही जा. मी पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी बाबा आजच्याहून थोडे हळू असतील, एवढंच. आईने मात्र हे वर्ष दात आवळून धरून ठेवलं होतं. पुढचं तसं धरता येईल का, मला माहीत नाही. तिलाही नाही.